पूर ओसरल्यावर डास मारायला निघालात? या चुका टाळा

पुराचं पाणी उतरलं की पहिले काही दिवस डास फारसे जाणवत नाहीत. वाहत्या पाण्याबरोबर अळ्या वाहून गेलेल्या असतात. चिखल उपसता उपसता एखादा म्हणतोच, "यंदा डास नाहीत बघा." खरं काम त्याच दिवसांत करायचं असतं. उबदार हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. कानाशी गुणगुण सुरू झाली तेव्हा जागे झालात, तर आठवडाभर उशीर झालाच म्हणायचा.

पाणी ओतलं, पिंप घासलं नाही

या चुकीवर माझा विशेष राग आहे, कारण ती मी स्वतः केली आहे. पुरानंतर नळाला पाणी नव्हतं, म्हणून दारात तीन पिंपं भरून ठेवली होती. झाकणं वाहून गेलेली, त्यामुळे वर नुसती फळकुटं टाकलेली. काही दिवसांनी बघतो तर आत वळवळ. तिन्ही पिंपं ओतली, कोपऱ्यात उपडी घातली आणि विषय संपला असं समजलो.

महिन्याभराने पुन्हा पाण्याची ओढाताण झाली. पिंपं खडखडीत कोरडी, दिसायला स्वच्छ. तशीच भरली. या वेळी मात्र शहाणपण करून तोंडाला कापड बांधलं, दोरीने चांगलं आवळून. तीन-चार दिवसांनी कापड सोडलं तर आत बारीक अळ्या! नळाच्या पाण्यावर संशय घेऊन झाला, कापडाला भोक शोधून झालं. शेवटी घरोघर तपासणी करणारा एक जुना कर्मचारी आला. त्याने पिंप तिरपं केलं आणि आत टॉर्च मारला. पाण्याच्या जुन्या रेघेलगत काळे ठिपके होते, बारीक रवाळ. "ही घ्या तुमची अंडी," म्हणाला.

डेंगी पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी अंडी पाण्यावर सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी पुन्हा तिथवर चढलं की फुटतात. बाहेरचा डास आत येऊ नये म्हणून मी कापड बांधलं होतं, आणि आतल्यांना आयतं घर करून दिलं होतं.

तेव्हापासून माझा वार ठरलेला आहे. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करायचं आणि आतून काथ्याने घासायचं, रेघेपाशी दोनदा. धुवण नालीत सोडायचं नाही, कोरड्या मातीवर फेकायचं. "आम्ही पाणी रोज बदलतो" म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. टॉर्च देतो.

धुराच्या गाडीची वाट बघत बसणं

धूर फवारणीने फक्त उडते डास मरतात, तेही औषधाचे थेंब अंगाला लागले तर. पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही, त्यामुळे दोन दिवसांत नवी फौज हजर. त्यातून एडिस बसतो घरात, पडद्यामागे, टेबलाखाली, टांगलेल्या कपड्यांत. आणि धूर येतो म्हणून आपण दारं-खिडक्या लावून घेतो! रोगाची साथ चालू असेल तर फवारणीला अर्थ आहे. एरवी मोठा आवाज होतो, वास येतो, आणि आपण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. ते समाधानच घातक, कारण मग कोणी पिंपाकडे बघत नाही.

डबकं दिसतं, ताडपत्री दिसत नाही

रस्त्यावरच्या डबक्याची तक्रार सगळे करतात, पण भिजलेलं सामान झाकलेल्या ताडपत्रीच्या घडीत साचलेलं पाणी कोणाला दिसत नाही. ताडपत्री उतार देऊन ताणून बांधा. वाहून आलेल्या कचऱ्यातले डबे, करवंट्या, थर्माकोलचे खोके आधी हलवा, बाटलीचं झाकणसुद्धा सोडू नका. गाळाने तुंबलेली पन्हळ बघा, फ्रिजमागचा ट्रे बघा. टायर कसाही ठेवला तरी पाणी धरतोच. एक तर आडोशाला न्या, नाहीतर भोकं पाडा.

उतावळ्यांचे उपाय

जळकं तेल ओतणं: तवंगाने अळ्यांचा श्वास कोंडतो हे खरं, पण वाऱ्याने तवंग फाटतो आणि बेडूक, मासे मात्र मरतात. विहिरीच्या आसपास तर नावच काढू नका.

बीटीआय हे अळ्या मारणारं चांगलं औषध आहे. १९७६ साली इस्रायलमधल्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात सापडलेला हा जिवाणू. पण अळीने तो खावा लागतो. अळ्यांचे स्वल्पविरामासारखे वाकडे कोष झालेले दिसायला लागले असतील तर उशीर झाला, कारण कोष काही खात नाही. मग "गुण नाही" म्हणून दुप्पट मात्रा टाकणारे भेटतात. अरे बाबा, पाणी ओतून दे ना!

गप्पी मासे हौदात सोडा. आटणाऱ्या डबक्यात मरतील, आणि नदी-तळ्यात सोडले तर तिथल्या माशांच्या मुळावर येतील.

पिण्याच्या पाण्यात जंतूंसाठी टाकतो तेवढ्या क्लोरीनने अळ्या मरत नाहीत.

मच्छरदाणी फक्त रात्री लावणं: एडिस दिवसा चावतो. दुपारी झोपणाऱ्या लहान मुलांनाही ती हवी.

आणि शौचालयाच्या टाकीचा व्हेंट पाइप. घाण पाण्यातला क्युलेक्स डास तिथूनच निघतो. पुरात त्याची जाळी हमखास निघून जाते आणि वर मान करून बघायला कोणी जात नाही. बारीक जाळी तारेने घट्ट बांधा. टाकीच्या झाकणाला तडा गेला असेल तर तोही त्याच दिवशी सिमेंटने बुजवा.