बूस्टर जड झाला की रॉकेट उलाळ

दोन स्टेजचं, म्हणजे दोन टप्प्यांत पेटणारं, छोटं मॉडेल रॉकेट म्हटलं की पोट्ट्यांना वाटते, खाली दणकट बूस्टर, म्हणजे खालचा टप्पा, ठोकला की झालं काम. मलाही तसंच वाटत होतं. पहिला बूस्टर जाड पुठ्ठ्याचा, वरून फेविकॉलचे चार हात, एवढा मजबूत की त्यावर बसून जेवता आलं असतं. उडवायच्या रॉडवरून सुटलं आणि दोन पुरुष उंचीवर जाऊन आडवं झालं, सरळ शेजारच्या तुरीत. तुरीवाला काय बोलला ते इथं लिहीत नाही.

झालं काय होतं? बैलगाडीत मागं भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलल्या जाते, तसंच. रॉकेटचा तोल जिथं सापडतो तो सीजी, आणि हवेचा दाब जिथं एकवटतो तो सीपी. सीजी नाकाकडे पाहिजे, सीपीच्या पुढं निदान एक नळीच्या व्यासाएवढा. बूस्टर लावला की वीस-पंचवीस ग्रॅमची मोटर, म्हणजे बारूद भरलेली नळी, सगळ्यात मागं येते आणि सीजी मागं सरकतो, त्यात तुम्ही बूस्टर जड केला की संपलं.

आधी मोटरबद्दल सांगून टाकतो. मोटर घरी बनवायची नाही, खत-साखरेचे व्हिडिओ पाहून तर अजिबातच नाही. स्फोटकांचा कायदा १८८४ चा आहे आणि तो पाहणाऱ्या पेसोचं मुख्य ऑफिस आपल्या नागपुरातच आहे. आमच्याकडे मोटरी कॉलेजची टीम रीतसर परवानगीनं आणते, त्यांचे सर हजर असले तरच उडवणं होते, माझ्याकडे फक्त बॉडीचं काम. तुमचीही अशी सोय नसेल तर बॉडी बनवून ठेवा, घाई नाही.

मोटरवरचा नंबर वाचता आला पाहिजे. सी६-० मध्ये सी म्हणजे एकूण जोर ५ ते १० न्यूटन-सेकंद, ६ म्हणजे सरासरी धक्का ६ न्यूटन, आणि शेवटचं शून्य म्हणजे जळून संपल्यावर थांबणं नाही. बूस्टरला शून्यवालीच लागते, कारण ती वरपर्यंत जळत जाते आणि तिचे तापलेले कण वरच्या मोटरच्या भोकात घुसून तिला पेटवतात, वेगळी वायर वगैरे नाही. हे सगळं काळ्या बारुदाच्या मोटरचं. कंपोझिट मोटर अशी पेटत नाही, तिला इलेक्ट्रॉनिक्स लागते. वरच्या स्टेजला मात्र सी६-७ किंवा बी६-६ अशी लांब डिलेची, म्हणजे जळून संपल्यावर सहा-सात सेकंद थांबून पॅराशूट फेकणारी घ्या, कारण ती आधीच वेगात असते, डिले कमी पडला तर भर वेगात पॅराशूट उघडून चिंध्या होतात.

आता बूस्टर. या मोटरी १८ मिमी जाड आणि ७० मिमी लांब. रिकाम्या मोटरवर प्लास्टिकचा कागद गुंडाळा, त्यावर ब्राऊन पेपर फेविकॉल लावून तीन वेढे, बस. लांबी मोटरपेक्षा जरा जास्त. मोटर मास्किंग टेपचे वेढे देऊन घट्ट बसवा, पण वर थांबा-रिंग लावू नका, मधे रिंग आली तर दोन मोटरी एकमेकींना टेकणारच नाहीत. खालच्या मोटरचं डोकं आणि वरच्या मोटरची शेपटी टेकवून सेलोटेपचा एकच वेढा मारायचा, वरची पेटली की टेप जळते आणि बूस्टर सुटतो. आमच्या एका पोट्ट्यानं पाच वेढे मारले होते, का तर "सुटलं तं?" अरे, सुटायलाच तर पाहिजे बे.

कपलरचंही तसंच, दोन नळ्यांचा जोड ढिला नको की रॉडवर डुलतो आणि घट्ट नको की अडकतो. उलटं धरून हलकं हलवलं की बूस्टर आपल्या वजनानं घसरला पाहिजे, अर्थात टेप मारायच्या आधी.

बूस्टर लांब करायचा असेल, दिसायला बरा दिसते म्हणून करतात लोक, तर दोन मोटरींत जागा राह्यते आणि इथं सगळे फसतात. खालची मोटर फुटल्यावर गरम गॅसच्या पुढं नळीतली हवा दाबल्या जाते, ती हवाच वरच्या स्टेजला ढकलून देते, कण पोचायच्या आधीच दोघं वेगळे. आमचं एक असंच वर गेलं, वरची मोटर पेटलीच नाही, म्हणून पॅराशूटही नाही, बाणासारखं खाली येऊन काळ्या मातीत फिनपर्यंत, म्हणजे मागच्या पंखांपर्यंत, रुतलं. उपाय सोपा, बूस्टरच्या नळीला वरच्या टोकाशी, वरच्या मोटरच्या जरा खाली, समोरासमोर दोन भोकं, सहा मिमीची. हवा तिथून निघून जाते. तरी वीतभरापेक्षा जास्त जागा मी ठेवत नाही.

फिन बूस्टरचे मोठे ठेवा, वरच्या स्टेजपेक्षा ठळक मोठे, त्यानं सीपी मागं जातो. केरळातल्या थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ ला उडालेलं नाइके-अपाचे रॉकेट आठवा, तेही दोन स्टेजचंच, खाली जाडा बूस्टर आणि त्याला मोठाले फिन. फिनला बाल्सा लाकूड घ्या. मी लहानपणीच्या बैलगाडीच्या नादानं ज्वारीच्या धांड्याचेही करून पाहिले, रॉडवरच मोडले.

वजन काट्यावर करा. जोर वजनाच्या निदान पाचपट पाहिजे, म्हणजे ६ न्यूटनला दोन्ही स्टेज, दोन्ही मोटरी, पॅराशूट सगळं धरून १२० ग्रॅमच्या आत. मग सगळं भरून सीजीवर दोरी बांधा आणि डोक्याभोवती गरगर फिरवा. नाक पुढं ठेवून फिरलं तर ठीक, शेपटी पुढं आली तर नाकात थोडी माती भरा नाहीतर फिन वाढवा. वरची स्टेज एकटी पण तशीच फिरवून पहा, हे लोक विसरतात. ओपनरॉकेट नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात दोन्ही स्टेजचा सीजी-सीपी दिसते. बूस्टर मात्र एकटा गडबडतच खाली यावा, त्याला पॅराशूट नसते, कोलांट्या खात आला तर हळू पडते.

उडवायचं सकाळी, वारा उठायच्या आत, रॉड एकदम सरळ, कारण थोडं तिरपं असतानाच दुसरी स्टेज पेटली तर ते दुसऱ्याच्या शिवारात जाते. उन्हाळ्यात दुपारी वावटळी, तेव्हा नाहीच. माणसं तीस फूट लांब, स्विचची चावी ज्याच्या हातात तोच वायर जोडणार. वावर नांगरलेलंच बघा. पऱ्हाटी उभी असेल, कुटाराचा ढीग असेल, गव्हाचं धसकट असेल तर तिथं नको, बूस्टर गरमच पडतो, आणि शेजारी पाण्याचा पिंप अन् ओलं पोतं ठेवा.

रंग भगवा किंवा गुलाबी द्या. आम्ही एकदा पांढरा दिला होता, वेचणीच्या दिवसांत, कापसात अर्धा दिवस शोधला, मिळाला शेवटी वेचणाऱ्या बायांच्या गाठोड्यात.