जुनी पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर चालू होऊन नाही राहिली तर कुठून बघायचं

जुनी गाडी सकाळी चालू झाली नाही की आपल्या इकडे पहिला हात कार्बोरेटरला जाते. प्लीज, तो उघडू नका. आधी करंट बघा, मग पेट्रोल, कार्बोरेटर अगदी शेवटी. कालपर्यंत नीट चालणारा कार्बोरेटर सहसा एका रात्रीत बिघडत नाही, पण कट पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधली करंट जोडणारी-तोडणारी टोकं), त्यांना जोडलेला कंडेन्सर, ढिला टर्मिनल हे न सांगता दगा देतात, आणि एकदा का जेट-स्क्रू सगळं हलवून ठेवलं की मूळ फॉल्ट कोणता न् आपण नवीन केलेला कोणता हे कोणालाच समजत नाही.

सामान थोडंच लागते: बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, प्लग पाना, फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), पॉलिश पेपर, रबरी मुठीची पक्कड. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आग विझवायचा सिलिंडर हाताशी. इंजिनवर पेट्रोल सांडलं असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत स्पार्क बघायचाच नाही.

आता सेल्फ मारा आणि ऐका. नुसता टक् आवाज आला किंवा सेल्फ रडत रडत फिरला तर बॅटरीकडे या. चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली तर चार्जिंगला लावा. पण नवीन बॅटरी आणायच्या आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानं धुवा, घासा, कसा, आणि इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी दोन्ही टोकांना काढून साफ करा, ती कोणी बघतच नाही. आपल्या उन्हात बॅटरीचं पाणी भराभर उडते, म्हणून उन्हाळ्यात लेव्हल वरचेवर बघा.

सेल्फ जोरात फिरते पण इंजिन पकडत नाही, तर स्पार्क. स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला करंट वाटणारा भाग) कॅपच्या मधोमध येणारी जाड वायर कॅपमधून काढा, पक्कडीनं तिचं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडापासून पाच-सहा मिमीवर धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळा, चटचट आवाज करणारा स्पार्क पाहिजे. इथं चांगला आला पण प्लगला येत नाही, तर कॅप, रोटर किंवा प्लगच्या वायरी. पावसाळ्यात कॅपच्या आत ओल धरते, कोरड्या कापडानं पुसून आत बारीक तडा किंवा काळी रेघ आहे का ते बघा. वायरी काढल्या असतील तर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरना स्पार्क जायचा क्रम, दोन्ही गाड्यांची १-३-४-२.

स्पार्कच नसेल तर टेस्ट लॅम्पची एक बाजू अर्थला लावा, चावी ऑन, दुसरी बाजू कॉइलच्या इग्निशनकडच्या टर्मिनलला. लॅम्प लागला नाही तर फॉल्ट चावी किंवा वायरिंगमध्ये. लागला तर डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला धरा आणि सेल्फ मारा, लॅम्प लुकलुकला पाहिजे. लुकलुकत नसेल तर पॉइंट काळे पडलेत, गॅप गेलाय किंवा कंडेन्सर शॉर्ट झालाय. पॉइंट पॉलिश पेपरनं घासा, पूर्ण उघडे असताना गॅप साधारण ०.४ मिमी ठेवा, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील न् स्पार्क पिवळट असेल तर कंडेन्सर बदला, स्वस्त असते, एक जास्तीचा गाडीत ठेवाच. आणि चावी उगाच ऑन ठेवू नका, कॉइल तापते.

स्पार्क पक्का झाला की पेट्रोल. पेट्रोलच्या जुन्या काट्यावर विश्वास नको. कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडा, सेल्फ मारा, एसी पंपानं (इंजिनवरचा, टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप) धार मारली पाहिजे. धार नसेल तर फिल्टर, पाइप, पंपाचा डायफ्रॅम. आता पेट्रोल भरायच्या पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळते, त्यात जुने रबरी पाइप फुगतात, चिरतात, म्हणून ते इथेनॉल चालणारेच बसवा.

मे महिन्यातला त्रास वेगळा. नवतप्यात (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) ४५ च्या वर पारा, नागपूरच्या वर्धा रोडनं येऊन दहा मिनिटं गाडी बंद केली की पुन्हा घेतच नाही. इंजिन बंद झालं की पंखा न् पाणी दोन्ही थांबते, सगळी उष्णता एसी पंपात आणि पाइपमध्ये चढते, तिथं पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. बॉनेट उघडा, पंपावर आणि पाइपवर ओला फडका ठेवा, डिस्ट्रिब्युटरवर पाणी जाऊ देऊ नका, थोड्या वेळानं चालू होते. पण कमजोर कॉइल पण गरम झाल्यावर अशीच मरते आणि थंड झाल्यावर जिवंत होते, म्हणून फडका टाकायच्या आधी, गरम असतानाच स्पार्क बघून घ्या. स्पार्क नसेल तर कॉइलचा संशय, असेल तर बहुतेक वाफच.

धार पण येते, तर प्लग काढा. ओले असतील तर पेट्रोल जास्त झालंय, प्लग वाळवून लावा, चोक न ओढता, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. कोरडे असतील तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारी फ्लोटची सुई अडकली असेल, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं फ्लोट चेंबरवर हलकं ठोका. एवढ्यानं झालं नाही तरच कार्बोरेटर उघडा.

तरीही नाहीच, तर कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावा. शेजारच्या दोन सिलिंडरचं कमी आलं तर हेड गॅस्केटचा संशय. तिथून पुढे जुन्या गाड्यांचा मिस्त्रीच पाहिजे, आणि काय काय तपासलं, कोणत्या क्रमानं, ते त्याला नीट सांगा म्हणजे तो पुन्हा सगळं उघडत नाही बसणार.