मन जागेवर नसताना अर्धा तास बसायचं कसं? आविलाच्या संत तेरेसाची रीत

मी शिवणकाम करते. बत्तीस वर्षं मशीनवर गेली, तेव्हा एका जागी तासभर बसायचं मला वावडं नाही. घोटाळा मनाचा आहे. डोळे मिटले की समोर कापड येतं. कुणाचा मुंढा दोन सूत कमी पडलाय, कुणाला शनिवारचं कबूल केलंय, अस्तर पुरेल की नाही. प्रार्थना राहते बाजूला आणि मी मनातल्या मनात टिपा घालत बसते. आपल्याला मौनप्रार्थना, म्हणजे तोंडाने न म्हणता मनातल्या मनात करायची प्रार्थना, जमायची नाही, असं ठरवून मी जपमाळेवर भागवत होते.

मग तेरेसाचं आत्मचरित्र वाचायला मिळालं. त्यातल्या आठव्या प्रकरणात ती कबूल करते की काही वर्षं प्रार्थनेला बसल्यावर तिचं लक्ष प्रभूपेक्षा घड्याळाच्या ठोक्याकडे असायचं. कधी एकदा तास संपतोय, असं व्हायचं. ते वाचलं आणि मला हायसं वाटलं. जिला १९७० साली पोप सहाव्या पॉल यांनी ख्रिस्तसभेची आचार्य, म्हणजे सगळ्या चर्चची गुरू, ठरवलं, प्रार्थना शिकवण्यात जिचा हात धरणारं कुणी नाही, तीही ठोके मोजत होती! तेव्हापासून मी तिच्याच रीतीने बसते. ती रीत इथे सांगते. (मी तिला ‘ती’च म्हणते. आईला कुणी अहोजाहो करत नाही.)

बसण्याआधी ही बाई कोण, ते थोडं माहीत हवं, नाहीतर तिचा सल्ला कोरडा लागतो. जन्म २८ मार्च १५१५, स्पेनमधल्या आविला भागातला. आजोबा मूळचे ज्यू, पुढे ख्रिस्ती झालेले. १४८५ साली तोलेदोत धर्मन्यायालयाने, म्हणजे श्रद्धेत खोट शोधणाऱ्या चर्चच्या कोर्टाने, त्यांना चारचौघांत प्रायश्चित्त घ्यायला लावलं होतं. आईला शूर सरदारांच्या कादंबऱ्यांचं वेड, ते लेकीनेही उचललं. विसाव्या वर्षी ती आविलाच्याच एन्कार्नासिओन मठात दाखल झाली. पुढे असं आजारपण आलं की १५३९ मध्ये चार दिवस शुद्धच नव्हती. मठात तिच्यासाठी खड्डा खणून ठेवला होता. शुद्धीवर आली तेव्हा पापण्यांवर मेण होतं. मेलेल्या माणसाच्या डोळ्यांवर ओततात, ते. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं अंग लुळं होतं.

आणि अशा बाईने बरं झाल्यावर काय करावं? प्रार्थनाच सोडून दिली. वर्षभराहून जास्त काळ. कारण काय, तर आपण त्या लायकीचे नाही. नम्रतेचा आव आणून सैतानाने केलेली ही सगळ्यात मोठी फसवणूक, असं तिने पुढे लिहिलं. म्हणून पहिला नियम तिथूनच घ्या: काल चुकलात, आठवडाभर बसला नाहीत, भांडण करून आलात, तरी आज बसा. लायक होऊन मग बसू म्हणाल, तर कधीच बसणार नाही.

बसताना हाताशी पुस्तक ठेवा. गंमत करत नाहीये. अठरा वर्षं पुस्तकाशिवाय प्रार्थनेला बसायची तिची छाती झाली नाही; पवित्र कम्युनियननंतरचा, म्हणजे मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घेतल्यानंतरचा, वेळ तेवढा अपवाद. पुष्कळदा ती नुसतं पान उघडायची आणि मन शांत व्हायचं, पुढे वाचायची गरजच पडायची नाही. माझ्याकडे शुभवर्तमानाची एक जुनी प्रत आहे, मधल्या पानांवर मशीनच्या तेलाचा डाग पडलेली. मी चार ओळी वाचते. मन पळालं की पुन्हा त्याच चार ओळी. पुढे जायचं नाही, पुस्तक संपवायला बसलेलो नाही आपण.

डोळे मिटून प्रभूचं चित्र उभं करा, असं बरेच जण शिकवतात. ज्यांना जमतं त्यांनी करावं. तेरेसाला जमत नव्हतं. अंधारात एखाद्या आंधळ्याने कुणाशी बोलावं, समोर माणूस आहे हे पक्कं ठाऊक, पण दिसत काही नाही, तसं आपलं व्हायचं, असं ती सांगते. म्हणून तिला तसबिरी आवडायच्या. शेत, पाणी, फुलं पाहूनही तिचं मन गोळा व्हायचं. तेव्हा भिंतीवर एखादी तसबीर लावा किंवा खिडकीतून झाड दिसेल असं बसा. डोळे उघडे असले तरी चालतं.

सुरुवात ती अशी सांगते: क्रूसाची खूण करा, आपलं काय चुकलं ते आठवून क्षमा मागा, आणि मग एकटे आहात तर सोबत शोधा. सोबत म्हणजे प्रभू. त्याच्याबद्दल मोठे विचार करू नका, फक्त त्याच्याकडे बघा, एवढंच तिचं मागणं. आनंदात असाल तर पुनरुत्थित प्रभूकडे बघा. जीव दुखावलेला असेल तर पकडला जाण्याआधी बागेकडे निघालेल्या किंवा फटक्यांसाठी खांबाला बांधलेल्या प्रभूकडे. मला ही सोय फार आवडते, कारण आपला मूड घेऊनच बसता येतं, तो दाराबाहेर ठेवून यावा लागत नाही. मग बोला. तिच्या लेखी मनातली प्रार्थना म्हणजे, आपल्यावर ज्याचं प्रेम आहे हे ठाऊक आहे त्याच्याशी एकांतात वारंवार केलेल्या मैत्रीच्या गोष्टी. मी शिवणाच्या तक्रारीही सांगते. शब्द सुचत नसतील तर प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, सावकाश म्हणा. एका वयस्क धर्मभगिनीची हकिकत ती सांगते. त्या बाईंना तोंडाने म्हणायच्या प्रार्थनेपलीकडे काहीच येत नव्हतं, आणि आपल्याला ध्यान जमत नाही म्हणून त्या रडवेल्या होऊन आल्या. तेरेसाने विचारपूस केली तर कळलं, नुसती प्रभूची प्रार्थना म्हणता म्हणताच त्या फार वरच्या पायरीला पोचल्या होत्या.

आता मूळ दुखणं: मन भरकटतं. तेरेसा त्याला वेड्याची उपमा देते. वेड्याच्या मागे धावून त्याला धरून आणायचं नाही, त्याला बडबडू द्यायचं. दुसरीकडे ती जात्याचं उदाहरण देते: जातं घरघरत राहू दे, आपण आपलं पीठ दळत राहू. हे लिहिताना तिच्या स्वतःच्या डोक्यात नद्या कोसळल्यासारखा आवाज चालू होता. माझी एक पदरची युक्ती, तिची नाही: बसण्याआधी मी मापाच्या वहीत उद्याची कामं लिहून वही बंद करते. निम्मी बडबड तिथेच अडते. उरलेली निम्मी चालू राहते, राहो.

तिने प्रार्थनेच्या चार पायऱ्या सांगितल्यात, त्या पाण्याच्या भाषेत. ओसाड, तण माजलेली जमीन. तण उपटणारा आणि रोपं लावणारा प्रभू. आपल्याकडे फक्त पाणी घालायचं काम. पहिला प्रकार विहिरीतून शेंदून पाणी काढणं: हात भरून येतात आणि वाफा जेमतेम ओला होतो. दुसरा रहाटगाडगं: चाक फिरवलं की गाडगी भरून वर येतात, कष्ट कमी, पाणी जास्त. तिसरा नदी किंवा ओढा: आपण फक्त पाट काढून द्यायचा. चौथा पाऊस.

इथे मी गाढवपणा केला. वाटलं, आपण शेंदतोय ना, म्हणजे वर्षभरात रहाटापर्यंत जायला हवं. रोज उठताना स्वतःला मार्क द्यायचे. मन लागलं तर सात, नाही लागलं तर तीन. पुढचं वाचलं तेव्हा कळलं की ती या गोष्टीला नावंच ठेवते. कधी कधी विहीरच आटलेली असते, पोहरा रिकामा वर येतो, हात उचलायचीही ताकद नसते. तरी मळ्यात जायचं. माळी धन्याला खूश करायला आलाय, स्वतःला नाही. आणि धन्याच्या मनात असलं तर तो पाण्यावाचूनही फुलं जगवतो. मी मार्कांची वही जाळली नाही, पण त्याच वहीत आता गिऱ्हाइकांची मापं घेते.

ही सगळी शिकवण हवेतली नव्हती, तिच्यासाठी घर बांधलं गेलं. २४ ऑगस्ट १५६२ रोजी आविलात सान होसे हा छोटा मठ सुरू झाला. एन्कार्नासिओनमध्ये दीडशेच्या वर बायका; इथे सुरुवातीला तेराचाच बेत. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास मौनप्रार्थना. पुढच्या वीस वर्षांत तिने बैलगाड्यांतून, खेचरांवरून प्रवास करत एकूण सतरा मठ उभे केले. १५६७ मध्ये मेदिना देल काम्पोला योहान ऑफ द क्रॉस हा तरुण धर्मगुरू, पुढे तोही संत झाला, भेटला आणि तिच्या रीतीने चालणाऱ्या पुरुषांच्या मठांचंही जमलं. पोपच्या स्पेनमधल्या प्रतिनिधीने तर तिला अस्वस्थ, भटकी बाई म्हणून हिणवलं. ती गेली ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री. त्याच रात्री जुनं कॅलेंडर जाऊन नवं आलं, मधल्या दहा तारखा गाळल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. तिचा सण म्हणून १५ तारखेला.

तिच्या मठाच्या नियमात एक कलम आहे, ते वाचून मी मशीनवरून उठून नाचायची बाकी होते. भगिनींनी पोटासाठी सूत काढावं, शिवावं, पण मन गुंतवून टाकणारं नाजूक, कलाकुसरीचं काम करू नये, म्हणजे चित्त प्रभूकडे राहील. जेवणानंतरच्या गप्पांनाही टकळ्या हातात असायच्या. बत्तीस वर्षांच्या अनुभवाने सांगते, हे शंभर टक्के खरं आहे. साडीला फॉल लावताना, हुक बसवताना, तुरपाई करताना प्रार्थना आपोआप चालते. गळ्याची नक्षी कापताना नाही. तिथे डोकं लागतं आणि कात्री चुकली तर कापड गेलं. तुमच्या कामातलं ‘तुरपाईचं’ काम कोणतं ते शोधा. भांडी घासणं असेल, कपडे वाळत घालणं असेल. प्रभू स्वयंपाकघरात भांड्यांमध्येही वावरतो, असं तिने आपल्या भगिनींना लिहिलंच आहे.

एक सावधगिरी. सण जवळ आला की तिच्या नावावर दोन गोष्टी फिरतात. एक, ‘ख्रिस्ताला आता तुमच्याशिवाय शरीर नाही’ ही कविता. दुसरी, नदीत पडल्यावर ‘म्हणूनच तुला मित्र कमी आहेत’ असं तिने देवाला सुनावल्याची. दोन्ही तिच्या लिखाणात नाहीत. पुढे पाठवू नका.

वेळेचं म्हणाल, तर मी अर्ध्या तासाचा गजर लावते आणि फोन उलटा ठेवते, घड्याळ दिसत नाही अशा जागी. गजर होईपर्यंत उठायचं नाही, रिकामा पोहरा असला तरी. एकाच कारणासाठी उठायचं. तिने लिहिलंय की आजारी भगिनीला तुमची गरज पडली तर भक्तीचा गोडवा गेला तरी बेहत्तर, आधी तिच्याकडे जा. गेल्या मंगळवारी मन छान लागलं होतं, महिन्यातून एकदा लागतं तसं. तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या आजी, हातात झंपर, बगलेत उसवलेला, आणि तासाभरात त्यांना दवाखान्यात निघायचं होतं. मी उठले. बॉबीनमध्ये पांढरा दोरा होता, तो काढून निळा भरला.