आईसाठी सिस्टर ठेवल्या, पण इंजेक्शनसाठी नाही

आई सांगलीत एकटी, आम्ही भावंडं बाहेरगावी. शुगर, बीपी, त्यात किडनी जरा वीक, म्हणजे डॉक्टर वेगवेगळे, फाईली वेगवेगळ्या आणि कोण काय देतंय ते दुसऱ्याला पत्ता नाही. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक लिहून दिलेलं आणि किडनीवाले म्हणतात पेनकिलर अजिबात नको!

म्हणून हे सगळं एकत्र बघायला नर्स हवी होती. नर्सिंग ब्युरोकडे नर्स मागितली की बऱ्याचदा अटेंडंट बाई पाठवतात (त्यांचं काम वेगळं, तेही लागतंच), म्हणून जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असलेलीच हवी असं अडून बसलो. शेवटी ओळखीतून एक रिटायर्ड सिस्टर मिळाल्या, व्हिजिटप्रमाणे पैसे, दिवसभराची नर्स ठेवण्यापेक्षा खूपच कमी.

त्यांनी आधी काय केलं तर कंपनीच्या नावाऐवजी आतलं औषध लिहून सगळ्या गोळ्यांची एकच यादी केली, तर ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल दोन नावांनी चालू! गोळी बंद करणं त्यांच्या हातात नाही, म्हणून यादी घेऊन आईला फिजिशियनकडे घेऊन गेल्या, डॉक्टरांनी एक कमी केली आणि डायक्लोफेनॅक थांबवून पॅरासिटामॉल दिली. आता कुठल्याही डॉक्टरकडे ती यादी आणि क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) शेवटचा रिपोर्ट सोबत जातो, मला व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट येते. आई मात्र त्यांना अजून 'तुझी हेर' म्हणते.