होडीचं वय खिळ्याला विचारा

नाथसागराच्या, म्हणजे गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठी पालथी घातलेली लाकडी होडी दिसली की विकणारा हमखास सांगतो, "आज्याच्या काळातली हाय, शंभर वर्षं झाली." मान डोलवा आणि एखादा सैल खिळा उपटून बघा. लोहाराने ठोकून केलेला खिळा चौकोनी, टोकाकडे निमुळता. बोटांत फिरवला तर कडा लागतात. गोल, सारख्या जाडीचा खिळा म्हणजे कारखान्याचा माल. एका खिळ्यावर मात्र विसंबू नका. डागडुजीत खिळे बदलतात, म्हणून आतल्या आडव्या लाकडाखालचा काढा, जिथं सहसा कुणाचा हात पोचत नाही. तिथं अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू निघाला तर शंभर वर्षांची बात सोडाच. हे स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले.

मग फळीवर बॅटरी तिरपी धरा. ओरखडे कमानीसारखे वळलेले असतील तर लाकूड मिलच्या गोल करवतीवर कापलंय. सरळ पण कमीजास्त तिरके असतील तर हातकरवत.

कारागीर सापडणं अवघड. दोन्ही टोकांच्या लाकडावर आतून कोरलेली खूण, आकडा आहे का बघा. रंग खरवडू नका, त्याखालीच अक्षरं असतात. काहीच नसेल तर काठावरच्या जुन्या भोई-कोळ्यांना होडीजवळ आणा आणि एवढंच विचारा: ही धरणाच्या पाण्यासाठी केली, की आधी गोदावरीत चालायची? जायकवाडीचं उद्घाटन १९७६ चं. निम्मा हिशेब तिथंच लागतो.