स्टीलच्या डब्याचा घरगुती लाउडस्पीकर

विदर्भातल्या खेड्यांत सामुदायिक प्रार्थनेला किंवा भजनाला फार मोठा आवाज लागत नाही. तो स्वच्छ लागतो. शब्द कळावा आणि खंजिरीची थाप वेगळी ऐकू यावी, एवढे काम धान्याच्या स्टीलच्या डब्यात बसवलेला सहा इंची कार स्पीकर उत्तम करतो. मात्र धातूचे खोके स्वतःच वाजू लागते, म्हणून या बांधणीत सर्वाधिक वेळ पत्र्याला गप्प करण्यासाठी राखून ठेवावा.

डबा गोलच घ्यावा. तेलाच्या चौकोनी पिप्याचे सपाट पत्रे थोड्याशा दाबानेही आतबाहेर होतात, तर वळवलेला पत्रा तेवढ्याच जाडीत कितीतरी ताठ राहतो. २४ सेंटिमीटर व्यासाच्या आणि २८ सेंटिमीटर उंचीच्या डब्यात सुमारे साडेबारा लिटर जागा मिळते आणि ती पुरेशी आहे. फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी या कामासाठी वापरू नये.

झाकण पातळ आणि सैल असते, त्यामुळे त्यावर स्पीकर बसवू नये. त्याऐवजी १८ मिलिमीटर प्लायवूडची गोल चकती डब्याच्या तोंडात घट्ट बसेल अशी सुताराकडून कापून घ्यावी आणि तिच्या मधोमध स्पीकरच्या मापाचे भोक पाडावे. वायरचे छिद्र डब्याच्या मागच्या बाजूला पाडून त्यात रबरी बुश बसवावा, नाहीतर पत्र्याची धार वायरचे आवरण कापते. ड्रिलची सगळी कामे उरकून डबा ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय स्पीकर जवळ आणू नये. त्याचे चुंबक बारीक कीस ओढून घेते, आणि एक कण जरी कॉइलच्या फटीत शिरला तरी प्रत्येक सुराबरोबर खरखर ऐकू येते.

आता मुख्य काम. गाड्यांच्या दारांना आतून लावतात तशी, अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली ब्यूटिल शीट डब्याच्या आतून निम्म्याहून अधिक भागावर चिकटवावी आणि चमच्याच्या पाठीने दाबत तिच्याखालची हवा काढावी. डांबरी शीट स्वस्त पडते, पण मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला की ती मऊ होऊन सरकते; आपल्याकडे ती नकोच. शीट लावण्याआधी आणि नंतर डब्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहावी. आधीचा लांबणारा ‘टण्ण’ जाऊन नुसता ‘ठप्प’ उरला पाहिजे. तळ अजूनही घुमत असेल तर तेथे दुसरा थर द्यावा.

यानंतर सरकी काढून पिंजलेला कापूस सैलसर भरावा. तो आतल्या आवाजाचे परावर्तन शोषतो आणि डबा थोडा मोठा असल्यासारखे काम करतो, पण ठासून भरल्यास उलट नुकसान होते. कापूस स्पीकरला लागू नये म्हणून मध्ये मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ताणावा.

स्पीकरच्या मागून निघणारी लहर पुढच्या लहरीच्या उलट असते, आणि ती फटीतून बाहेर आली की खर्जाचा आवाज मारला जातो. म्हणून चकतीच्या कडेला सिलिकॉन आणि स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी लावून सर्व सांधे हवाबंद करावेत. चकती बाजूने स्क्रूंनी आवळावी. त्याआधी प्लायवूडमध्ये बारीक छिद्रे पाडली तर ते फाटत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर डब्याबाहेरच ठेवावा आणि तो १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा घ्यावा: भारनियमनातही कार्यक्रम थांबत नाही, आणि २३० व्होल्टची वायर धातूच्या डब्यात नेण्याचा धोकाही टळतो. कार स्पीकर बहुधा ४ ओहमचा असतो. अ‍ॅम्प्लिफायरला तेवढा भार चालतो का, हे आधी पाहावे. दोन डबे करायचे असल्यास, स्पीकर बसवण्यापूर्वी दीड व्होल्टचा सेल क्षणभर जोडून पाहावा. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लागले की कागदी पडदा बाहेर यायला हवा. दोन्हींची जोडणी सारखी नसेल, तर खर्ज एकमेकांत विरतो.

सिलिकॉन रात्रभर सुकू द्यावे आणि मगच आवाज वाढवावा.