कैरी आंबट असते, पण हे पेपरात लिहिलंय का?

राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या सीसॅटमध्ये, म्हणजे आकलन आणि तर्काच्या पेपरात, ८० प्रश्नांना दोन तास, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट. तरी अनुमानाचे, म्हणजे दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष निघतो का हे विचारणारे, प्रश्न वेळेअभावी कमी आणि घरून आणलेल्या माहितीमुळे जास्त चुकतात.

उदाहरण घ्या. सर्व आंबे फळे आहेत. काही फळे आंबट आहेत. निष्कर्ष: काही आंबे आंबट आहेत. कैरी खाल्लेला प्रत्येक जण इथे ‘बरोबर’ म्हणतो. पण प्रत्येक गटाचं एक वर्तुळ काढून बघा: ती आंबट फळे आंब्याच्या वर्तुळाबाहेरची असू शकतात, म्हणून निष्कर्ष निघत नाही. वर्तुळं काढताना बहुतेक जण निष्कर्षाला सोयीची आकृती काढून मोकळे होतात. उलट करा: दिलेली विधाने पाळून निष्कर्ष खोटा पडेल अशी आकृती शोधा. एक सापडली की निष्कर्ष बाद; शोधूनही जमेना, तर तो पक्का.

आता दुसरा निष्कर्ष जोडा: एकही आंबा आंबट नाही. हाही एकटा निघत नाही. मात्र दोन्हींपैकी एक खरा असणारच, म्हणून उत्तर ‘एकतर पहिला किंवा दुसरा’. ‘सर्व आहेत’ आणि ‘एकही नाही’ या जोडीला हे लागू नाही, कारण दोन्ही एकदम खोटे ठरू शकतात. इथे भले भले घसरतात.

‘काही’ म्हणजे किमान एक, सगळेही चालतात. ‘काही अ ब आहेत’ उलटवता येतं, ‘काही अ ब नाहीत’ येत नाही.

जर-तरच्या वाक्यात ‘च’ शोधा. ‘पाऊस पडला तर सामना रद्द होतो’ यावरून, सामना रद्द झाला नाही तर पाऊस पडला नाही, एवढंच पक्कं. रद्द झाला म्हणून पाऊसच पडला, असं नाही. ‘हॉलतिकीट असेल तरच प्रवेश’ यात दिशा फिरते: प्रवेश मिळाला म्हणजे हॉलतिकीट होतं, हॉलतिकीट आहे म्हणून प्रवेश मिळेलच, असं मात्र नाही. उशीर झाला की फाटक बंदच!

उताऱ्यावरच्या प्रश्नांत पर्यायातल्या ‘फक्त’, ‘नेहमीच’, ‘सर्व’ या शब्दांखाली रेघ ओढा आणि तेवढ्याच जोराचं वाक्य उताऱ्यात आहे का ते बघा. उतारा ‘बहुतेक शेतकरी’ म्हणत असेल, तर ‘काही शेतकरी’ चालेल, ‘सर्व’ नाही.